इंजिनिअरिंगमधून सप्लाय चेन कन्सल्टिंगमध्ये जायचंय? आधी आपल्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये जा

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात मी नऊ वर्षं काढली. आधी मशीन शॉप, मग क्वालिटी, शेवटची दोन वर्षं पीपीसी (उत्पादनाचं नियोजन). तिथून सप्लाय चेन कन्सल्टिंगमध्ये आलो, म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतची मालाची साखळी सुधारण्याचा सल्ला देण्याच्या कामात. भोसरी, तळेगाव, रांजणगावातून दर महिन्याला कुणी ना कुणी इंजिनिअर फोन करतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "सर, कोर्स कुठला करू?" हाच प्रश्न घेऊन मीही दीड वर्ष फिरलो. पैसे गेले, रविवार गेले आणि पहिल्या मुलाखतीत दहा मिनिटांत विषय संपला, कारण सप्लाय चेनमधलं सांगण्यासारखं स्वतःचं एकही काम माझ्याकडे नव्हतं.

पुढच्या पायऱ्या त्या अनुभवानंतर लावलेल्या आहेत. मी चढलो तो क्रम वेगळा होता. चढायला हवा होता तो क्रम हा.

१. कन्सल्टिंग म्हणजे नेमकं कुठलं, ते ठरवा

एकाच नावाखाली पुण्यात चार वेगवेगळी कामं चालतात.

पहिलं, मोठ्या सल्लागार फर्म. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चौघांचीही पुण्यात ऑफिसं आहेत. गोदामं किती आणि कुठे असावीत, इन्व्हेंटरी (साठून राहिलेला माल) कशी घटवावी, खरेदीचा खर्च कसा कमी करावा, असे प्रश्न तिथे येतात. एमबीए असेल तर दार लवकर उघडतं, पण वाहन किंवा औषध उद्योगातला आठ-दहा वर्षांचा अनुभवही चालतो.

दुसरं, प्लॅनिंगची सॉफ्टवेअर बसवणारे. सॅप, ओरॅकल, किनॅक्सिस वगैरे. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त जागा याच कामाच्या निघतात. तिसरं, थेट शॉप फ्लोअरवर उतरणारे छोटे सल्लागार: लीन (वाया जाणारं काम कमी करणं), गोदामाची मांडणी, व्हेंडर (माल पुरवणारे) सुधारणा. चौथं दार बऱ्याच जणांना माहीतच नसतं. थ्रीपीएल, म्हणजे दुसऱ्यांसाठी गोदामं आणि वाहतूक चालवणाऱ्या कंपन्यांमध्ये सोल्युशन डिझाइन नावाचा विभाग असतो. ग्राहकाचं गोदाम कसं चालवायचं, किती रॅक, किती माणसं, किती गाड्या, दर काय द्यायचा, हे तिथे ठरतं. इंजिनिअरला हे काम फार लवकर जमतं.

इथला सापळा पदाच्या नावात आहे. "फंक्शनल कन्सल्टंट" म्हणून घेतात आणि दोन वर्षं सॉफ्टवेअर तपासायच्या टेस्ट स्क्रिप्ट लिहून घेतात. ऑफर स्वीकारण्याआधी स्पष्ट विचारा: पहिल्या सहा महिन्यांत मी ग्राहकाच्या माणसांसमोर बसणार आहे का? उत्तर गोलमोल आलं तर समजून घ्या.

२. महिनाभर स्टोअरमध्ये जा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं राहतं.

एका शनिवारी दुपारी आमची असेंब्ली लाइन थांबली. कारण एक सर्कलिप, म्हणजे छोटी लॉकिंग कडी. किंमत दोन रुपयांच्या आत. सिस्टिममध्ये स्टॉक चार हजार दोनशे दिसत होता आणि बिनमध्ये हात घातला तर तळाचा पत्रा लागत होता. मी संगणकाकडे बघत होतो, प्लॅनर फोनवर ओरडत होता. आमचे स्टोअरवाले काका शांतपणे आले, खिशातली छोटी डायरी काढली आणि म्हणाले, "साहेब, हा माल प्लेटिंगवाल्याकडे गेलाय. आठ दिवस झाले. चलान काढलंय, पण एंट्री कुणी केली नाही." डायरीच्या त्या पानावर तारीख, चलान नंबर, नग, सगळं पेन्सिलने लिहिलेलं होतं. आमच्या महागड्या सिस्टिमला जे माहीत नव्हतं ते त्या डायरीत होतं.

त्या दिवसापासून मी शिफ्ट संपल्यावर रोज एक तास स्टोअरमध्ये बसायला लागलो. तुम्हीही तसंच करा. पद्धत साधी आहे.

चाळीस आयटम निवडा. दहा महाग, दहा जास्त खपणारे, दहा बाहेर प्रक्रियेला जाणारे आणि दहा असे की ज्यांच्यामुळे लाइन कधी ना कधी थांबली आहे. प्रत्येकाचा तीन ठिकाणचा आकडा लिहा: सिस्टिममधला, बिन कार्डवरचा आणि हाताने मोजलेला. माझ्या चाळीसपैकी अकरा आयटमचे तीन आकडे तीन दिशांना होते. मग एकेका फरकाचा माग काढा. गेटवर इनवर्ड झालं पण जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टिममधली नोंद) राहिलं? रिजेक्ट माल लाल बिनमध्ये पडला आणि सिस्टिममध्ये चांगला म्हणून दिसतोय? ऑपरेटरने जादा नग नेले आणि बीओएमप्रमाणेच (एका नगाला काय किती लागतं त्या यादीप्रमाणेच) वजा झाले? प्रत्येक फरकामागे एक माणूस आणि एक सवय सापडते. ती सवय ओळखणं हेच पुढे तुमचं काम असणार आहे.

कारखान्यात सॅप असेल तर एमबी५१ या स्क्रीनमधून वर्षभराच्या हालचाली काढा. त्यातला कोड १०१ म्हणजे आवक, २६१ म्हणजे उत्पादन ऑर्डरवर दिलेला माल. आजचा स्टॉक एमबी५२ मध्ये मिळतो. या दोन याद्या एक्सेलमध्ये एकत्र लावल्या की कुठला माल महिनोन्महिने हललाच नाही ते समोर येतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. हा सगळा डेटा कंपनीच्या लॅपटॉपवरच ठेवा, साहेबांना सांगून काढा, स्वतःच्या जीमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर कधीही घेऊ नका. माझ्या एका सहकाऱ्याने नोटीस पिरियडमध्ये व्हेंडरच्या किमतींची फाइल घरी मेल केली आणि त्याचं रिलीव्हिंग लेटर अडकलं. मुलाखतीला आकडे लागतात तेव्हा टक्केवारी सांगा, नावं सांगू नका.

३. दोन गणितं कागदावर सोडवा

सॉफ्टवेअर सेफ्टी स्टॉक, म्हणजे माल कमी पडू नये म्हणून ठेवायचा जादा साठा, काढून देतं. तो आकडा कुठून आला हे सांगता येत नसेल तर ग्राहकासमोर पाय लटपटतात. म्हणून एकदा तरी हाताने करा.

समजा बुश नावाच्या एका सुट्या भागाचा रोजचा खप सरासरी ४०० नग आहे, त्यातलं प्रमाणित विचलन ६० आणि व्हेंडरचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) ९ दिवस. पंचाण्णव टक्के वेळा माल कमी पडू नये असं वाटत असेल तर गुणक १.६५ घ्यायचा. सेफ्टी स्टॉक म्हणजे १.६५ गुणिले ६० गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ३. उत्तर २९७. नवी ऑर्डर केव्हा टाकायची? ९ दिवसांचा खप ३,६०० अधिक २९७, म्हणजे स्टॉक ३,८९७ वर आला की.

आता खरी परिस्थिती घ्या. व्हेंडर नऊ दिवस म्हणतो, पण कधी सात दिवसांत देतो, कधी अकरा. लीड टाइमचं विचलन २ दिवस धरा. मग वर्गमुळाखाली दोन भाग येतात: ९ गुणिले ६० चा वर्ग, म्हणजे ३२,४००, आणि ४०० चा वर्ग गुणिले २ चा वर्ग, म्हणजे ६,४०,०००. बेरजेचं वर्गमूळ ८२०. त्याला १.६५ ने गुणलं की १,३५३.

२९७ चे १,३५३ झाले. ग्राहकाची मागणी तितकीच, खप तितकाच, फक्त व्हेंडरच्या दोन दिवसांच्या बेभरवशामुळे साडेचार पट माल धरून ठेवावा लागतो. हे गणित पहिल्यांदा सुटलं तेव्हा मी रात्री साडेअकराला पुन्हा एकदा पडताळून बघितलं. आमच्याकडे सगळ्या बैठका मागणीचा अंदाज सुधारण्यावर होत होत्या आणि पैसा मात्र लीड टाइमच्या चढउतारात अडकला होता. इंजिनिअरला प्रोसेसमधलं व्हेरिएशन कळतं. तेच डोळे इथे वापरायचे आहेत.

दुसरं गणित एबीसी वर्गवारीचं. वार्षिक खपाच्या रकमेप्रमाणे आयटम उतरत्या क्रमाने लावा आणि बेरीज करत जा: वरचे ए, मधले बी, तळाचे सी. ते तासाभरात होतं, म्हणून लांबवत नाही. फक्त लक्षात ठेवा, आमची सर्कलिप पक्की सी वर्गातली होती आणि तरी तिने लाइन थांबवली. स्वस्त मालाचा स्टॉक कमी करून बचत दाखवू नका.

४. रुपयांत बोला, आणि दोन प्रकारचे रुपये वेगळे ठेवा

आपल्याला सायकल टाइम, पीपीएम (दहा लाखांत किती नग खराब), ओईई (मशीनची एकूण कार्यक्षमता) या भाषेची सवय असते. सल्ल्याचा पैसा देणारा माणूस बहुतेक वेळा फायनान्सचा असतो.

उदाहरण घ्या. कंपनीच्या विकलेल्या मालाचा वार्षिक खर्च ७३ कोटी, हातातली इन्व्हेंटरी ६ कोटी. ७३ कोटी भागिले ३६५ म्हणजे दिवसाला २० लाख. म्हणजे इन्व्हेंटरी ३० दिवसांची. ती २५ दिवसांवर आणली तर १ कोटी रुपये मोकळे होतात.

माझ्या पहिल्या सादरीकरणात मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "वार्षिक बचत १ कोटी". ग्राहकाच्या फायनान्स प्रमुख बाईंनी विचारलं, "हे दर वर्षी मिळणार का?" मी गप्प. तो एक कोटी एकदाच मोकळा होतो. ती बचत नव्हे, अडकलेली रोकड बाहेर येते. वार्षिक बचत म्हणजे त्यावरचं व्याज, दहा टक्क्यांनी धरलं तर १० लाख, शिवाय जागेचं भाडं, विमा, खराब होणारा माल यांतून जे वाचेल ते. त्या बैठकीनंतर माझ्या प्रत्येक तक्त्यात दोन वेगळे रकाने असतात: एकदाच मिळणारी रोकड आणि दर वर्षीची बचत. तुमच्या पहिल्याच तक्त्यापासून ते ठेवा.

५. गेटच्या बाहेर काय चालतं ते बघा

बहुतेक इंजिनिअरना गेटच्या आतलं सगळं ठाऊक असतं आणि बाहेरचं काहीच नाही. एक दिवस सुट्टी काढा आणि ट्रान्सपोर्टरच्या गाडीत बसून जा. भोसरीतल्या चार-पाच व्हेंडरकडून माल उचलत चाकणला येणारी मिल्क रनची गाडी सर्वांत चांगली. चाकणच्या तळेगाव चौकात ती किती वेळ उभी राहते, कारखान्याच्या गेटवर टोकन घेऊन किती वेळ थांबते, ड्रायव्हर अनलोडिंगच्या सहीसाठी किती दारं फिरतो, हे घड्याळ लावून लिहा. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास असतं आणि दिवस संपतो. वेळ वाया कुठे जातो ते त्या एका फेरीत दिसतं.

सोबत थोडा कायदा वाचा, कारण गोदामांची रचना त्याच्यावर चालते. १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्याआधी केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत गोदामं ठेवत. ते कारण संपल्यावर कमी पण मोठी गोदामं परवडू लागली. नेटवर्क डिझाइनचे किती तरी प्रकल्प त्यातूनच निघाले. माल नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदतही माहीत हवी: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. आणि जॉबवर्कला, म्हणजे बाहेर प्रक्रियेला, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. आमच्या काकांच्या डायरीत असलेल्या आणि सिस्टिममध्ये न केलेल्या त्या एंट्रीचं मोल इथे कळतं.

६. आता कोर्स

हाताशी एक खरं काम असेल तर कोर्सचा प्रत्येक धडा त्याला चिकटतो. नसेल तर परीक्षा झाल्यावर विसरतो.

फुकट सुरुवात करायची असेल तर एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स. व्हिडिओ मोफत असतात, परीक्षेला बसायचं असेल तरच शुल्क. त्याहून खोल जायचं असेल तर अमेरिकेतल्या एमआयटीचा ऑनलाइन सप्लाय चेन मायक्रोमास्टर्स: पाच कोर्स आणि शेवटी एक सर्वसमावेशक परीक्षा. त्यात गणित भरपूर आहे, म्हणून इंजिनिअरला आवडतो. एएससीएम या अमेरिकेतल्या सप्लाय चेन संस्थेच्या सीपीआयएम आणि सीएससीपी या परीक्षा रेझ्युमेवर ओळखल्या जातात. सीपीआयएम प्लॅनिंगवाल्यांना जवळची, सीएससीपी सगळ्या साखळीवर नजर टाकणारी. दोन्ही एकदम करू नका, खर्चिक आहेत.

पूर्णवेळ एमबीए करायचं असेल तर हिंजवडीचं एससीएमएचआरडी, नाशिकचं सिम्बायोसिस ऑपरेशन्स आणि पवईचं पूर्वीचं निटी, जे २०२३ पासून आयआयएम मुंबई झालं, ही नावं आधी बघा. घरी कर्जाचे हप्ते चालू असतील तर हा निर्णय आई-वडील, बायको किंवा नवरा यांच्याशी आकडे मांडून घ्या.

साधनांत एक्सेल पक्कं हवं: पिव्होट टेबल, लुकअप, सॉल्व्हर. मग एसक्यूएल, पॉवर बीआय. पायथन आलं तर उत्तम, पण त्याच्यासाठी थांबू नका.

आणि एक रविवार मित्रांना घरी बोलावून बीअर गेम खेळा. एमआयटीत तयार झालेला जुना खेळ आहे. दुकानदार, ठोक विक्रेता, वितरक, कारखाना असे चौघं. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुढे द्यायच्या. गिऱ्हाईकाची मागणी आठवड्याला ४ वरून ८ होते, तीही एकदाच. कारखान्यापर्यंत पोचेतो ऑर्डरी कुठल्या कुठे जातात ते बघून घरातले सगळे थक्क होतात. नाणी आणि वही पुरते.

७. रेझ्युमे आणि मुलाखत

रेझ्युमेत सर्वांत वर ते स्टोअरचं काम. चार ओळी पुरेत: काय अडचण होती, तुम्ही काय मोजलं, काय बदललं, रुपयांत काय झालं. मशीनची नावं आणि ड्रॉइंग स्टँडर्डची यादी खाली जाऊ द्या.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "आमच्या ग्राहकाचा माल वेळेवर पोचत नाही, काय कराल?" इंजिनिअर लगेच उपाय सांगतो. तो मोह आवरा. आधी विचारा, "वेळेवर" म्हणजे कुठल्या तारखेला? ग्राहकाने मागितलेल्या, की आपण कबूल केलेल्या? पूर्ण नग गेले तरच मोजता, की अर्धी डिलिव्हरीही चालते? उशीर सगळ्या मालाला होतो, की ठरावीक दहा आयटमना? मग ऑर्डर, प्लॅन, कच्चा माल, उत्पादन, वाहतूक अशी साखळी मांडून प्रत्येक कडीत किती दिवस जातात ते शोधा. मी आता मुलाखती घेतो तेव्हा उत्तराआधी काय विचारलं जातं तेच ऐकतो.

८. कागदपत्रं

नोकरी बदलताना हे हाताशी ठेवा:

- आधीच्या सगळ्या कंपन्यांची अनुभव पत्रं आणि रिलीव्हिंग लेटर
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६
- यूएएन आणि पीएफ पासबुक
- पदवीच्या मूळ गुणपत्रिका, सर्टिफिकेट परीक्षांचे निकाल
- सध्याच्या कंपनीशी झालेला गोपनीयता करार, पुन्हा एकदा नीट वाचून

नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. आणि नोकरीत असताना शनिवार-रविवारी बाहेर सल्ले देऊन पैसे घेऊ नका. नेमणूक पत्रात बहुतेक वेळा मनाई असते.

स्वतंत्र काम सुरू करणार असाल तर यादी थोडी वेगळी. उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणारी सरकारी वाटणारी संकेतस्थळं टाळा. माणसं थोडीच असतील तर शॉप अॅक्टखाली फक्त सूचना द्यावी लागते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, दर १८ टक्के. उद्यम नोंदणी असेल तर कायद्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. करारात हप्ते लिहून घ्या: कामाच्या सुरुवातीला, मधल्या अहवालावर, शेवटी. माझं पहिलं स्वतंत्र बिल सगळं शेवटच्या अहवालावर ठेवलं होतं आणि ते सात महिने अडकलं. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

९. पहिल्या प्रकल्पाचा पहिला आठवडा

सादरीकरणाचा साचा उघडू नका. सकाळी पहिल्या शिफ्टला सात वाजता पोचा आणि गेटवर उभे राहा. पहिली गाडी किती वाजता आत आली, तिचा माल लाइनवर किती वाजता गेला, एवढंच लिहा. दुपारी स्टोअरमध्ये जा. तिथे डायरी ठेवणारं कुणीतरी बहुधा असतंच. त्यांच्याशी लॅपटॉप बंद ठेवून, चहा घेत बोला. जे सांगतील ते अहवालात घातलंत तर त्यांच्या साहेबांसमोर त्यांचं नाव घेऊन श्रेय द्या, आणि जे बोलल्यामुळे त्यांच्यावर बोट दाखवलं जाईल ते नाव न घेता मांडा. आठवडाअखेर प्लांट हेडकडे जाण्याआधी तुमचे आकडे एकदा त्याच टेबलावर नेऊन दाखवा. चूक असेल तर ती तिथेच कळते.